नलूआत्याची सात पुस्तकं

फोन अण्णांचा होता. मी तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. सकाळची गर्दी होती, हातात मोजे होते आणि टेबलावर थरथरणाऱ्या मोबाइलवर वडिलांचं नाव दिसत होतं. अण्णा मला फोन करत नाहीत. आई करते आणि मधेच म्हणते, "अण्णा हायेत हितं, बोल." मग आम्ही दोघं पावसापाण्याचं बोलतो. त्यामुळे मोजे काढून फोन उचलेपर्यंतच मला कळलं होतं, की काहीतरी झालंय. फक्त कुणाला, एवढंच उरलं होतं. "नलू गेली," अण्णा म्हणाले. मागून ट्रॅक्टर गेल्याचा आवाज आला. "झोपंतच गेली. मी च्या घिऊन आलतो, तर... तू ये. मी हितंच हाय, तिच्या खोलीवर."

नलिनी ही अण्णांची धाकटी बहीण, माझी नलूआत्या. दिंद्रुडला बाजाराच्या रस्त्यावर पत्र्याच्या एका खोलीत तिनं चौदा वर्षं बायकांचे ब्लाउज शिवले. त्यातली अकरा वर्षं माझे वडील त्या रस्त्यानं जाताना मान दुसरीकडे वळवायचे. असं का झालं, ते आमच्या भावकीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण जो तो ते आपल्या सोयीनं सांगतो. आत्याला जाऊन आता पाच आठवडे झाले. जे घडलं ते माझ्यापायी घडलं, म्हणून जसं झालं तसं लिहिते आहे.

आत्याला नांदूरघाटला दिलं होतं. तीन वर्षांत नवऱ्यानं दुसरी बायको आणली आणि आत्या एक पेटी घेऊन माहेरी परत आली. आमचं घर दिंद्रुडपासून कोसभरावरच्या वस्तीवर. आई-अण्णा दर साली ऊसतोडीला जायचे, दिवाळीच्या आगेमागे निघायचे ते उन्हाळ्यातच परतायचे. घर आणि मी, दोन्ही आत्याच्या हवाली. ती शिवण शिकली, ओसरीवर मशीन मांडली आणि तिथंच तिला ती पुस्तकं मिळाली. आमच्या शाळेतल्या मास्तरांची बदली झाली, तेव्हा त्यांची बायको जाताना सात पुस्तकं आत्याला देऊन गेली. चार रहस्यकथा होत्या आणि तीन लहान मुलांची, एकाच गोष्टीचे तीन भाग. रहस्यकथांमध्ये थंड हवेच्या गावातली एक रिटायर नर्सबाई होती. खून व्हायचा, पण रक्त कुठं दिसायचं नाही. नर्सबाई चहाला जायची, कुणाच्या चपला ओल्या आहेत, कुणाचं कुत्रं भुंकलं नाही ते बघायची आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून शांतपणे नाव सांगायची. मुलांच्या पुस्तकांत तीन पोरं एका कोरड्या बारवेच्या पायऱ्या उतरत जायची, तर खाली निराळंच आभाळ आणि निराळंच राज्य.

ही सातही पुस्तकं आमच्याकडे दर साली पुन्हा वाचली जायची आणि वाचायचा हंगाम ठरलेला होता. सोयाबीन निघालेलं, कापूस वेचणीला आलेला, दुपारचं ऊन चटचट लागतंय पण सावलीत गेलं की बरं वाटतंय... दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस. आत्याच्या कामाचा सगळ्यात मोठा रेटा तेव्हाच. दिवाळीचे ब्लाउज असायचे, शिवाय तोडीला जाणाऱ्या बायकांना लुगड्यावरून घालायला पूर्ण बाह्यांचे शर्ट लागायचे, उसाच्या पात्यानं हात कापू नयेत म्हणून. आत्याचे हात मोकळे नसायचे, म्हणून दुसरीत गेल्यापासून वाचायचं काम माझं. शिवण घ्यायला आलेल्या बायका ओसरीवर टेकायच्या आणि ऐकता ऐकता बसूनच राहायच्या. मी एखादी ओळ गाळली, की मशीन थांबायची. "वैशे, मधलं खाल्लंस," आत्या म्हणायची. तिला सगळं पाठ होतं.

मी तेरा वर्षांची होते, आठवीत होते, त्या वर्षी कोजागिरीनंतर दोन-तीन दिवसांनी सुभद्राकाकू आल्या. शेजारच्याच. त्यांनी हिरव्या कापडाचा ब्लाउजपीस आणि मापाचा म्हणून एक जुना ब्लाउज आत्यापुढं ठेवला. म्हणाल्या, "माज्या भाचीचा हाय, उमापूरकडली. बेतानं शीव, आन् आत दोन-दोन बोटं माया सोड. अंगानं भरंल आता ती." आत्यानं मापाचा ब्लाउज उलटा केला, बाहीच्या आत बघितलं आणि घडी घालून मांडीखाली ठेवला. "कधी पायजे?" "आयतवारच्या आदी दी." काकू गेल्या. मी वाचत होते, वाचतच राहिले. आत्या मशीनवर बसली, पण चाक फिरलं नाही. पानभर मी वाचलं असेल, तरी चाक फिरलं नाही. मी वर बघितलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. माझ्या खांद्यांकडे, दंडाकडे... डोळ्यांनीच माप घेतल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई-अण्णा रानात असताना तिनं मला आत बोलावलं आणि तो जुना ब्लाउज हातात दिला. उजव्या बाहीच्या आत बोटभर ठिगळ होतं. बाभळीला अडकून फाटला होता, तेव्हा आत्यानंच अस्तराचा तुकडा लावून शिवला होता. माझा ब्लाउज. "हिरवं कापड, तुजं माप, आत माया सोडायची आन् आयतवारच्या आदी पायजे," आत्या म्हणाली, "टोळी सोमवारी निघतीय. तुजं लगीन हाय, वैशे." मला पहिल्यांदा हसूच आलं. मग तिचं तोंड बघितलं आणि बाही उलटी करून ते ठिगळ पुन्हा बघितलं. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, जोडी असेल तरच काम मिळतं. वस्तीवरच्या दोन पोरींची लग्नं अशीच टोळी निघायच्या तोंडावर झालेली मी बघितली होती. त्यातली एक माझ्या बाकावर बसायची.

"तुला जायचंय का?" आत्यानं विचारलं. त्या सगळ्या दिवसांत, आणि नंतरही, हा प्रश्न मला तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी विचारला नाही. मी म्हटलं, "न्हाई." तिनं पुन्हा विचारलं, "भिऊन म्हंतीस का खरंच?" मी म्हटलं, "मला शाळंत जायचंय." "मग आता माजं ऐक. तुला काय बी ठावं न्हाई. कुणाला वाटलं, की तुला कळलंय, तर ते दिस अलीकडं घेतील. वाचायचं चालू ठिव. रोजच्यासारखं."

ते चार दिवस मी कसे काढले, ते माझं मला ठाऊक. मी रोज संध्याकाळच्या आत दोन-दोन प्रकरणं वाचत होते. समोर सुभद्राकाकू शेंगा फोडत बसलेल्या, आई चुलीपाशी, अण्णा अंगणात कोयत्याला धार लावताहेत. पुस्तकातली नर्सबाई पाहुण्यांना साखर किती म्हणून विचारत होती आणि मी त्याच ओळीवर पुन्हा पुन्हा अडखळत होते. बाजूला आत्या तोच हिरवा ब्लाउज शिवत होती. हुक लावत होती, काजं करत होती, अगदी मन लावून. एकदा तर वाटून गेलं, हीसुद्धा त्यांच्यातलीच असली तर? तेवढ्यात काकू म्हणाल्या, "पोरगी आज लई अडकतीय गं." आत्या मान वर न करता म्हणाली, "घसा बसलाय तिचा. ऊन बाधलंय." आणि दोरा दातानं तोडला.

त्याच संध्याकाळी तिनं अण्णांना आडून विचारून बघितलं. "भाऊ, वैशीला यंदा बी माज्यापाशीच ठिवणार न्हवं?" अण्णांनी धार लावायचं थांबवलं नाही. "बघू," म्हणाले. बस. माझे वडील खोटं बोलणारे नव्हते. त्यांना ते जमायचं नाही, म्हणून ते खाली बघायचे. आत्याला तेवढ्यात जे कळायचं ते कळलं.

शुक्रवारी ती काजाचा दोरा आणायला म्हणून गेली, ती ग्रामसेवकांकडे. बालविवाह थांबवायचं काम त्यांच्याकडे असतं, हे तिला शाळेच्या भिंतीवरच्या पाटीवरून माहीत होतं. अर्ज तिनं माझ्या वहीच्या पानावर स्वतः लिहिला होता. चार ओळी, खाली नाव आणि सही. ग्रामसेवक चांगला माणूस होता, पण चांगल्या माणसासारखाच घुटमळला. हे मला पुढं आत्यानं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, सख्ख्या भावाच्या विरोधात लिहून देताय. उद्या त्याच घरात राहायचंय तुम्हाला. विचार करा." आत्या म्हणाली, "त्यात लिव्हलंय ते खरं हाय का खोटं, तेवढं बगा तुमी." तो म्हणाला, "बघतो." भावाचं "बघू" आणि साहेबाचं "बघतो" घेऊन ती घरी आली आणि मला एवढंच सांगू शकली, की येतील बहुतेक.

रविवारी सकाळी माळावरच्या देवीच्या देवळापुढं दोन जीपा उभ्या होत्या. माणसं पाऊणशे असतील-नसतील. वाजंत्री नव्हती. मला आईनं आणि काकूंनी साडी नेसवली होती. अंगात तो हिरवा ब्लाउज होता आणि त्याच्या आत सोडलेली जास्तीच्या कापडाची माया काखेत काचत होती. आईनं माझ्याकडे एकदाही सरळ बघितलं नाही. नवरा मुलगा विशीचा असेल, तोही घाबरलेला दिसत होता. मी रस्त्याकडे बघत होते. रस्त्यावर एक म्हैस आणि तिच्यामागं एक म्हातारी, बाकी कुणी नाही. अंतरपाट धरला. मंगलाष्टकाची पहिली ओळ झाली, तरी रस्ता रिकामाच. तेवढ्यात आत्या माणसांतून पुढं आली, अंतरपाटाखालून वाकून आत शिरली, माझा हात धरला आणि मला घेऊन खाली मातीत बसली. "मी उठणार न्हाई," म्हणाली. "अर्ज दिलाय म्या. साहेब यायलेत. तवर ह्या पोरीला कुणी हात लावायचा न्हाई."

गलका उठला. कुणीतरी तिचा खांदा धरून ओढलं, तिचा पदर फाटला. तिनं माझं मनगट सोडलं नाही. अण्णा समोर येऊन उभे राहिले. त्यांचं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं. "नले, ऊठ. कुणाच्या घरात ऱ्हातीस तू?" "तुज्या," आत्या म्हणाली. "तुज्याच घरात ऱ्हाते, भाऊ. म्हणूनशान बसलेय." अण्णांचा आवाज फाटला. "सा म्हयने पोरगी एकट्या बाईपाशी टाकून जायचं, आन् तिकडं फडात माजा जीव टांगणीला! काय इपरीत झालं तर तोंड कुणाला दाखवू म्या? तुला काय कळतंय? तुला हाय का लेकरू?" आत्यानं माझं मनगट आणखी घट्ट धरलं. तिच्या हाताला घाम फुटला होता आणि तो माझ्या मनगटावरून ओघळत होता, एवढं मला आठवतं. नवऱ्याकडचा एक म्हातारा म्हणाला, "दोघींला उचला आन् जीपत घाला, म्होरच्या गावात लगीन लावू." दोघं पुढं आलेही. तेवढ्यात मोटारसायकल दिसली... पुढं ग्रामसेवक, मागं पोलीस ठाण्यातल्या एक बाई. त्यांना यायला किती वेळ लागला, कोण जाणे. आत्या म्हणायची अर्धा तास. मला विचाराल तर तेव्हा एक वर्ष गेलं.

लग्न मोडलं. अण्णांनी अठरा वर्षं होईपर्यंत मुलीचं लग्न करणार नाही, असं लिहून दिलं आणि अंगठा उठवला. घरी आल्यावर त्यांनी कुणावर हात उगारला नाही. मशीन उचलून अंगणात ठेवली, तिच्यावर आत्याची पेटी ठेवली आणि म्हणाले, "नलू मेली मला." आई दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. हातगाडीवर मशीन, पेटी आणि पुस्तकं घालून आत्या दिंद्रुडच्या पत्र्याच्या खोलीत गेली. मला अण्णांनी तोडीला नेलं नाही आणि घरीही ठेवलं नाही. "जा, तिनं बसवली न्हवं मातीत, तीच बघंल तुला," म्हणाले. सोमवारी टोळी गेली. ट्रॅक्टरच्या मागं आई पाठमोरी बसली होती.

त्या खोलीतला पहिला दिवस. भिंतींना रंग नाही, ओळखीचं कुणी नाही आणि बाहेर कुणी थांबलं तरी आम्ही दोघी दचकत होतो, कारण नवऱ्याकडच्यांनी बघून घेऊ म्हणून धमकी दिली होती. दुपारी आत्या म्हणाली, "पुस्तक काढ." मी चिडले. "कशाला? समदं ठावं हाय त्यातलं. कुणी मारलं, ते बी ठावं हाय." आत्या सुईत दोरा ओवत होती. दोरा दर खेपेला नाकाच्या बाजूनं जात होता. म्हणाली, "म्हणूनच काढ. उद्या आपल्या दारात कोण यील, मला ठावं न्हाई. त्या बाईच्या दारात कोण यील, ते ठावं हाय. तेवढं तरी ऐकू दी." मी वाचलं. दोन पानं झाल्यावर दोरा ओवला गेला. दर साली तेच ते का, हे मी तिला पुन्हा कधी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट तिनं मला सांगितली, ती मी दहावी झाल्यावर. कपाट लावता लावता सहज म्हणाली, "तुज्या पेटीत तवा चार ब्लाउज हुते. समदे एकाच मापाचे. मग ठिगळाचाच कावून दिला तुज्या आईनं सुभद्राला?" मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. "आईनं मुद्दाम...?" "मला इचारू नगं, आन् तिला बी इचारू नगं. तिला त्या घरात ऱ्हायचंय." मी तरी आईला एकदा विचारलंच. ती कापसातली सरकी काढत होती. म्हणाली, "गवसला त्यो दिला." आणि तोंड फिरवलं. पण मी तिचे हात बघत होते. ते थांबले होते.

मी शिकले, नोकरीला लागले. आत्याला साखरेनं गाठलं. तीन वर्षांपूर्वी तिच्या पायाचं बोट काढावं लागलं, तेव्हा आमच्याच दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी मला व्हरांड्यात अण्णा दिसले. भिंतीला टेकून उभे होते. आत गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही तसेच उभे. मी जवळून गेले, तेही मुद्दाम न बोलता. चौथ्या दिवशी ते बाहेरच्या टपरीवरून चहा घेऊन आले आणि वॉर्डात शिरले. मी पडद्याआड होते. आता हे काय बोलणार म्हणून कान देऊन उभी राहिले. अण्णा म्हणाले, "पाय दुकतोय का?" आत्या म्हणाली, "न्हाई." दोघांनी चहा संपवला. एवढंच. पण त्या दिवसापासून ते रोज तिच्या खोलीवर चहा घेऊन जायला लागले; तोडीला जाणं वयामुळे सुटलेलंच होतं. माळावरच्या त्या रविवारबद्दल दोघंही अखेरपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. मला त्याचा राग यायचा. माफी मागायला इतकी वर्षं कशी पुरत नाहीत, असं वाटायचं. आत्याला मी म्हटलंही. ती म्हणाली, "त्यो येतोय न्हवं रोज? मग गप ऱ्हा."

शेवटच्या वर्षी तिला अंधुकच दिसायचं. मशीन बंद झाली. यंदा दसरा झाल्यावर पहिल्याच रविवारी मी गेले आणि तिच्या आवडीची रहस्यकथा काढली, टेकडीवरच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्याला विष कुणी दिलं, ती. अण्णा नेहमीसारखे खोलीच्या दाराबाहेर टाकलेल्या लाकडी फळीवर बसलेले, आमच्याकडे पाठ करून. मी एक वाक्य गाळून बघितलं. "मधलं खाल्लंस," आत्या म्हणाली. तिसऱ्या रविवारी नववं प्रकरण संपलं आणि तिला दम लागला. "ऱ्हाऊ दी आता. फुडच्या आयतवारी." बुधवारी अण्णांचा फोन आला.

तेराव्यानंतर मी खोली आवरायला गेले. अण्णा फळीवर बसलेले. बराच वेळ मी भांडी आवरत राहिले, ते बसून राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "त्या म्हाताऱ्याचं काय झालं?" मला आधी कळलंच नाही. "बंगल्यातल्या. कुणी मारलं त्याला?" मी नाव सांगून मोकळी होऊ शकले असते. खरं तर तेच करावंसं वाटलं. मी पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसले आणि दहाव्या प्रकरणापासून वाचलं. ऊन कलेपर्यंत वाचलं. नर्सबाईनं कंपाउंडरचं नाव घेतलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "मला माळ्याचा वहीम हुता." मग विचारलं, "नलूला ठावं हुतं?" "लई वर्षांपासनं." "आन् तरी बी दरसाली ऐकायची..."  उठले, धोतर झटकलं, रस्त्याला लागले. दहा पावलांवर थांबून म्हणाले, "म्या मधनंच ऐकलंय ते. एकदा पहिल्यापासनं वाच."

पुढच्या रविवारी मी गेले, तर अण्णा फळीवर नव्हते. आत मशीनपाशी, बायका टेकायच्या तिथं भिंतीला पाठ लावून बसले होते. पुस्तक त्यांनी आधीच काढून समोर ठेवलं होतं. त्यांना वाचता येत नाही, त्यामुळे सातांतलं भलतंच काढलं होतं, बारवेत उतरणाऱ्या पोरांचं. मी ते त्यांना सांगितलं नाही. समोर बसले आणि जे काढलं होतं, तेच पहिल्या पानापासून वाचायला लागले.